तिसऱ्या लॅपनंतर पुढचे टायर पकड सोडतात: नवे टायर घेण्याआधी काय तपासायचं

"दादा, पहिले दोन लॅप झकास गेले. तिसऱ्यापासून गाडीचं नाक वळेचना. टायर बदलूनच टाकतो आता."

मावसभावाचा हा फोन कोइंबतूरहून, करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकच्या पिटमधून (गाड्या थांबतात त्या जागेतून) आला तेव्हा त्याच्या स्विफ्टचे टायर जेमतेम आठ हजार किलोमीटर चाललेले होते. नक्षी शाबूत. दुकानदाराने 'परफॉर्मन्स' म्हणून दिलेले, वर नायट्रोजनही भरून दिलेला. आदल्या वर्षी वेगळ्या कंपनीच्या टायरवर त्याची हीच तक्रार होती, आणि त्याच्या आदल्या वर्षी माझ्या गाडीवर माझी. तीन प्रकारचे टायर, दोन गाड्या, दुखणं एकच. असं असेल तेव्हा खोट टायरमध्ये शोधून उपयोग नसतो.

आधी लक्षण नीट सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच का ते कळेल. पहिले दोन लॅप गाडी सांगाल तशी वळते. मग वळणात शिरताना नाक बाहेर पळायला लागतं, स्टिअरिंग आधीपेक्षा जास्त फिरवावं लागतं, टायरचं बारीक किंचाळणं भसाडं होत जातं. पिटमध्ये वीस मिनिटं थांबलं की पुन्हा दोन लॅप सगळं ठीक. घरी येऊन बघावं तर पुढच्या टायरची बाहेरची कड गोल झालेली आणि आतल्या बाजूची नक्षी जशीच्या तशी.

हे सगळं जुळत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे: जास्त पकडीचे टायर घ्यायला आत्ता धावू नका. जास्त पकड म्हणजे वळणात गाडीवर जास्त ओढ, जास्त ओढ म्हणजे बॉडी जास्त झुकणार, आणि झुकली की टायर आणखी कडेवर उभा राहणार. म्हणजे महागडा टायर त्याच अलाइनमेंटवर (चाकं बसवलेल्या त्याच कोनांवर) आणखी लवकर खाल्ला जातो. मी स्वतः चार टायरचा संच असा एका हंगामात घालवला आहे.

पकड नेमकी कधी सुटते?

पहिला प्रश्न हाच, आणि याचं उत्तर खिशातल्या वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका. पहिल्याच लॅपला घसरत असेल आणि पुढे सुधारत असेल, तर टायर थंड आहे किंवा जुना होऊन कडक झाला आहे. चांगलं चालून तिसऱ्या लॅपला सुटत असेल तर तो तापून गेला आहे. ही दोन दुखणी एकमेकांच्या उलट आहेत आणि औषधंही उलट. रस्त्यावर चालणाऱ्या परफॉर्मन्स टायरचं रबर साधारण ६० ते ९० अंश सेल्सियसमध्ये चांगलं चिकटतं. शंभरीपार गेलं की पृष्ठभाग तेलकट वागायला लागतो.

ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत आखलेल्या वाटेवर एकेका गाडीने वेळ लावून मारायची फेरी) आणि ट्रॅक डे (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) यांतला फरक इथेच आहे. डांबरावरच्या ऑटोक्रॉसची एक फेरी बहुधा मिनिटभराची असते. टायर तापतोय न तापतोय तोवर फेरी संपते, मग रांगेत उभं राहून तो पुन्हा गार. तिथे लवकर जागा होणारा मऊ टायर हवा. ट्रॅक डेला पंधरा-वीस मिनिटं सलग रगडायचं असतं, तिथे उष्णता झेलत राहणारा टायर हवा. ऑटोक्रॉसला एक नंबर ठरलेला टायर ट्रॅकवर पाचव्या लॅपला हात टेकतो यात टायरचा दोष नाही, त्याला तसंच घडवलेलं असतं. 'दोन्हीला चालेल असा एक टायर सांगा' असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, वर्षात ट्रॅकवर किती दिवस आणि ऑटोक्रॉसला किती? बहुतेकांचं उत्तर एका बाजूला झुकलेलं असतं. त्या बाजूचा टायर घ्यायचा.

हवा

आता त्या फोननंतरचं सांगतो. पुढच्या वेळी मी मुद्दाम त्याच्यासोबत ट्रॅकवर गेलो. करीचा ट्रॅक चेट्टीपाळयमला, दोन किलोमीटरहून थोडा मोठा आणि वळणावळणाचा. छोट्या गाडीच्या पुढच्या टायरची परीक्षा घ्यायला अगदी योग्य. सकाळच्या गारव्यात चारही टायरमध्ये ३६ पीएसआय हवा होती, दुकानातून निघाली तेवढीच. सेशनला (ट्रॅकवरच्या एका सलग पाळीला) निघण्यापूर्वी मी पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर तीन ठिकाणी शाळेतल्या पांढऱ्या खडूने जाड रेघा ओढल्या, नक्षीपासून थेट साइडवॉलपर्यंत, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत.

गाडी आत आली तशी मी गेज घेऊन गुडघ्यावर बसलो. ब्रेकचा तो करपट वास, आणि डाव्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागत होती. पुढचा डावा ४५, पुढचा उजवा ४३, मागचे ४० आणि ३९. पुढच्या डाव्याच्या बाहेरच्या कडेला, किसणीवर ओलं खोबरं किसावं तसे रबराचे बारीक तुरे निघालेले. बोट फिरवलं तर ते गोळा होऊन आले, काजळासारखे काळे आणि चिकट. खडूची रेघ कडेवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्याही खाली अर्धा बोटभर पुसलेली. आणि आतल्या बाजूची दोन बोटं रुंदीची पट्टी? घरून निघताना होती तशीच, धुळकट. तो बिचारा टायर दोन-तृतीयांश रुंदीवरच सगळं काम करत होता.

हवेचं गणित एकदा समजून घ्या, म्हणजे आकडे अंगवळणी पडतात. ३० अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर आतून ८० अंशांपर्यंत तापला की त्यात ३७ च्या आसपास दाब होतो. म्हणजे दर दहा अंशांना अंदाजे दीड पीएसआय. म्हणून ट्रॅकवर थंड टायरचा आकडा फारसा कामाचा नाही, गरम टायरचा आकडा ठरवायचा आणि तिथून मागे यायचं. आमच्यासारख्या हजार किलोच्या आतल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मी सुरुवातीला पुढे गरम ३६ ते ३८ धरतो. मागे दोन-तीन पीएसआय जास्त ठेवले तर मागची बाजू थोडी सैल होते आणि नाक वळायला मदत होते. सवय नसेल तर हे एकेक पीएसआयने करा, कारण मागची बाजू सैल करणं पहिल्यांदा ट्रॅकवर जाणाऱ्याला झेपेलच असं नाही.

नायट्रोजनने हा प्रश्न सुटत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. फरक पडतो तो ओलाव्याने. ज्या कॉम्प्रेसरची टाकी कधी पाणी काढून रिकामी केलेली नाही, त्याच्या हवेत वाफ असते आणि ती गरम झाल्यावर दाब बेभरवशाचा वाढवते. कोरडी हवा मिळत असेल तर तेवढी पुरे.

ऑटोक्रॉसला मात्र टायर फारसा तापत नाही, त्यामुळे दाब वाढेल या हिशेबाने कमी हवा ठेवून गेलात तर शेवटपर्यंत कमीच राहते आणि साइडवॉल दुमडतो. तिथे जवळपास हवा तोच आकडा भरून सुरुवात करा, आणि पाठोपाठ फेऱ्या असतील तर अधूनमधून एखादा पीएसआय सोडा. प्रत्येक फेरीनंतर खडू बघा. रेघ त्रिकोणापर्यंत पुसली तर दाब बरोबर, त्रिकोण ओलांडला तर वाढवा, त्रिकोणाच्या बरीच वर थांबली तर कमी करा.

खडूने जे सांगितलं ते तापमानाने पक्कं होतं

त्या दिवशी गरम ४५ हा आकडा फारच वर होता, म्हणून खडू काही म्हणो, आम्ही पुढे हवा सोडून गरम ३५ वर आणली. पुढच्या सेशनला खडू आणखी खाली पुसला गेला. हवा जास्त होती हे खरं, पण ती काढल्यावर आतलं दुखणं उघडं पडलं.

मग सुईचा थर्मामीटर काढला. इन्फ्रारेड गनही चालते, पण ती वरच्या कातडीचंच तापमान दाखवते आणि कातडी काही सेकंदांत गार होते. रबरात मिलिमीटरभर टोचणारी सुई जास्त खरं बोलते. अगदीच काही नसेल तर स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर वापरा, जरा सावकाश चढतो इतकंच. तीन ठिकाणी मोजायचं: बाहेर, मध्ये, आत. आमचे आकडे पुढच्या डाव्याला अनुक्रमे १०४, ९४ आणि ७१ अंश. बाहेर आणि आत यांत तेहतीस अंशांचा फरक! कूलिंग लॅप (गाडी गार व्हावी म्हणून शेवटी सावकाश मारलेला लॅप) मारून आलं की सगळे आकडे थोडे उतरतात, ते चालेल, आपल्याला फरक बघायचा असतो.

हे आकडे असे वाचायचे. मधलं तापमान दोन्ही कडांपेक्षा जास्त असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा मधल्यापेक्षा गरम असतील तर हवा कमी. बाहेरची कड आतल्यापेक्षा बरीच गरम असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असण्याचा कोन) कमी. चांगल्या बसलेल्या गाडीत आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडी गरमच निघते, कारण सरळ रस्त्यावर चाक आतल्या कडेवर जास्त टेकलेलं असतं.

ट्रॅकची दिशाही लक्षात ठेवा. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून पुढचा डावा आधी मरतो. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, दहाव्या वळणापासून पुढे उजवीकडचा लांबलचक कंस आहे. तिथे डाव्या टायरला श्वास घ्यायलाच मिळत नाही. एकाच टायरचे आकडे बघून चौघांबद्दल निर्णय घेऊ नका, चारही मोजा.

कॅम्बर: सगळ्यात जास्त फरक इथे पडतो

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला चाकाचा खांब) असतो. गाडी वळणात झुकली की बाहेरचं चाक रस्त्याच्या हिशेबात पॉझिटिव्हकडे कलतं, म्हणजे टायरच्या बाहेरच्या कडेवर उभं राहतं. कंपनीने दिलेला अर्धा-पाऊण अंश निगेटिव्ह कॅम्बर घर ते ऑफिस ठीक आहे, ट्रॅकवर तो पहिल्याच वळणात संपतो. आणि बऱ्याच गाड्यांत तो बदलायची सोयच नसते. त्यासाठी स्ट्रटच्या खालच्या जोडावर एक्सेंट्रिक बोल्ट घालतात, त्याला कॅम्बर बोल्ट म्हणतात. त्याने आणखी दीड अंशाच्या आसपास मिळू शकतो. जास्त हवा असेल तर वर कॅम्बर प्लेट लागतात, पण त्याने रस्त्यावरचा खडखडाट वाढतो आणि खर्चही. शिकाऊ माणसाने बोल्टवर थांबावं असं माझं मत आहे.

पुण्यात अलाइनमेंटला गाडी घेऊन गेलो तर तिथल्या काकांनी हात वर केले. "निगेटिव्ह कशाला वाढवताय? टायर आतून खाईल." त्यांची भीती अगदीच चुकीची नाही, पण रस्त्यावर आतली कड खाण्यात कॅम्बरपेक्षा 'टो'चा (वरून बघता चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत त्या कोनाचा) वाटा बराच मोठा असतो. कॅम्बर बदलला की टो आपोआप बिघडतो, आणि लोक कॅम्बर करून टो न बघता निघून जातात, मग दोन महिन्यांत आतून तारा दिसतात आणि नाव कॅम्बरचं खराब होतं. काकांना हे सांगितलं, त्यांनी माझ्यासमोर मशिनवर दोन्ही करून बघितलं आणि स्क्रीनवर टोचा आकडा हलताना पाहून म्हणाले, "हे बरोबर आहे तुमचं." पुढे दोन्हीकडे उणे १.८ अंश, टो शून्य. बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून घेतली, म्हणजे सरकला तर लगेच दिसतो. ती रेघ प्रत्येक सेशननंतर बघायची.

त्याच टायरवर, त्याच ट्रॅकवर पुढच्या वेळी फरक तेहतीस अंशांवरून अकरावर आला. गरम ३७ वर खडू बरोबर त्रिकोणावर थांबला. तिसरा लॅप, पाचवा लॅप, आठवा लॅप, नाक वळत राहिलं. नवीन टायरवर एक रुपया खर्च झाला नव्हता.

दोन गोष्टी चालवणाऱ्याच्या हातात

टायर रस्त्याशी ठरावीक कोनापर्यंतच तिरका चालला तर पकड वाढते. रस्त्यावरच्या टायरला हा कोन साधारण सहा ते दहा अंशांचा. त्यापुढे स्टिअरिंग कितीही फिरवा, पकड मिळत नाही, फक्त रबर भाजतं. नाक बाहेर पळालं की आपला हात आपोआप आणखी फिरवतो, आणि तीच चूक पुढच्या वळणातली पकडही खाते. तिथे हात थोडा सरळ करा, थांबा, मग पुन्हा मागा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळण संपायच्या आत ॲक्सिलरेटर दाबला की आतलं चाक जागच्या जागी फिरतं, त्याचंही तापमान वाढतं.

ब्रेकची उष्णताही ब्रेक-डिस्कमधून चाकात, चाकातून हवेत जाते. सेशन संपल्यावर हँडब्रेक ओढून ठेवू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावा.

हे सगळं करूनही पकड कमीच पडते, मग टायर निवडूया

टायरच्या बाजूला 'ट्रेडवेअर' म्हणून (टायर किती सावकाश झिजतो त्याचा) एक आकडा असतो, आणि आपल्याकडे त्याच्यावर नको तेवढा विश्वास ठेवतात. हा अमेरिकेचा नियम. तिथे टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ४०० मैलांच्या वाटेवर गाड्यांचा ताफा एकूण ७२०० मैल चालवून, १०० धरलेल्या एका प्रमाण टायरशी झीज ताडून पाहतात. शेवटी टायरवर कोणता आकडा छापायचा ते कंपनी ठरवते. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० एक नव्हे. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला तो बरा. त्यातला 'ट्रॅक्शन' दर्जा तर सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकिंगचा आहे, वळणाशी त्याचा संबंधच नाही.

बाजारात इतक्या टायरवर नेमका २०० का दिसतो, याचंही कारण आहे. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट गटाला किमान २०० ट्रेडवेअरची अट आहे. कंपन्या त्या रेषेवर बरोबर पाय ठेवून सर्वांत चिकट टायर बनवतात. अमेरिकेत राहणारे आपले मित्र ब्रिजस्टोन आरई-७१आरएस किंवा योकोहामा ए०५२ ची शिफारस करतात ती मनापासून असते, पण ती तिथल्या बाजाराची आहे. आपल्याकडे जून २०२० मध्ये गाड्यांच्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून 'निर्बंधित' यादीत गेली, आणि गाडीच्या टायरवर आयएस १५६३३ चं आयएसआय चिन्ह लागतं. त्यामुळे छोट्या गाडीच्या मापात रस्त्यावर चालणारे सेमी-स्लिक (अगदी कमी नक्षीचे चिकट टायर) सहज मिळत नाहीत. एमआरएफ आणि जेके आपल्या राष्ट्रीय शर्यतींना टायर पुरवतात, पण ते शर्यतीचे टायर रस्त्यासाठी नाहीत. पुण्याहून बाराशे किलोमीटर गाडी चालवत कोइंबतूरला जायचं आणि त्याच टायरवर परत यायचं, ही आपली अडचण आहे. टायर निवडताना ती पहिली धरा.

मिळणाऱ्यांत काय बघायचं? मी दुकानात सर्वांत आधी बाहेरच्या खांद्याचे ठोकळे बघतो. ते मोठे, एकमेकांना जोडलेले आणि बारीक चिरा नसलेले हवेत. मग अंगठ्याने साइडवॉल दाबतो, कडक हवा. पावसाला पाणी काढणाऱ्या रुंद उभ्या खोबणी हव्यातच, पण बाहेरच्या कडेला बारीक चिरांची जाळी असलेला, 'शांत आणि मुलायम' म्हणून विकला जाणारा टायर ट्रॅकवर ठोकळ्याठोकळ्याने तुटतो.

त्यानंतर तारीख. साइडवॉलवर चार आकडे असतात, ३५२२ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा. दुर्मीळ मापाचा टायर 'नवा' म्हणून येतो आणि तारीख चार वर्षांपूर्वीची निघते. रबर पडून राहिलं तरी कडक होतं. मी वर्षभरापेक्षा जुना घेत नाही, कितीही सूट मिळो. फोनवरच फोटो मागवून घ्या, दुकानात जाऊन वाद घालण्यापेक्षा बरं.

मापाचं गणितही करून ठेवा: पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा डिस्कचा म्हणजे चाकाच्या रिमचा व्यास इंचांत. स्विफ्टच्या १८५/६५ आर १५ टायरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर. १९५/५५ आर १६ चा ६२०.९, म्हणजे जवळपास तोच, शिवाय साइडवॉल आखूड, म्हणून कमी दुमडतो. २०५/५५ आर १६ घेतला तर ६३१.९, गिअरिंग लांबतं (प्रत्येक गिअरमधली ओढ कमी होते) आणि छोट्या इंजिनाला ते जाणवतं. रुंदीच्या मोहात अरुंद डिस्कवर रुंद टायर चढवू नका. त्याच्या कडा आत ओढल्या जातात, साइडवॉल फुगीर होतो आणि वळणात डुलतो. १९५ ला साडेसहा इंची डिस्क छान बसते. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका: १८५/६५ आर १५ वर ८८ असतो, तर १९५/५५ आर १६ मध्ये ९१ चा एक्सएल (जास्त वजन पेलणारा) शोधा. ८७ ही मिळतो, पण मी तो घेणार नाही.

नक्षीची खोली ही सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. नव्या टायरचे सात-आठ मिलिमीटर उंच ठोकळे वळणात वाकतात, वाकून तापतात आणि मुळापासून तुटतात. परदेशात हौशी लोक नवा टायर मुद्दाम तासून घेतात. आपण ते न करताही फायदा घेऊ शकतो: रस्त्यावर निम्मा झिजलेला, पण वयाने कोवळा टायर कोरड्या ट्रॅकवर नव्यापेक्षा जास्त वेळ टिकून पकड देतो. म्हणून नवे टायर घालून थेट ट्रॅकवर जाऊ नका. हजारभर किलोमीटर चालवा, मग एक हलकं सेशन करून दिवसभर विश्रांती द्या.

अर्थात हेच निम्मे झिजलेले टायर जुलैत खंडाळ्याच्या घाटात घातक आहेत. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतात, पण साचलेल्या पाण्यावर गाडी त्याच्या कितीतरी आधी तरंगते. म्हणून ट्रॅकला वर्षातून तीन-चार वेळा जाणार असाल तर मी दुसऱ्या संचाच्या बाजूने आहे. मूळ १५ इंची डिस्कवर रस्त्याचे टायर, १६ इंचीवर ट्रॅकचे. मागचं सीट पाडलं की चार चाकं छोट्या हॅचबॅकमध्ये बसतात, खाली जाड गोणपाट टाका आणि पट्ट्याने बांधा. वर्षातून एकदाच जाणार असाल तर एकच चांगला परफॉर्मन्स टायर, कॅम्बर बोल्ट आणि गेज, याहून जास्त काही घेऊ नका.

मुरमाच्या मैदानावरच्या ऑटोक्रॉसला यातलं फारसं लागू पडत नाही. तिथे अरुंद, खोल ठोकळ्यांचा टायर मुरूम खणत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो आणि रुंद टायर वर तरंगतो. हवा मात्र फार कमी करू नका, दगडाने साइडवॉल चिमटला तर टायर डिस्कवरूनच सुटतो.

परत निघताना

ट्रॅकवर गरम असताना हवा सोडत आलेली असते. गरम ३६ दाखवणारा टायर संध्याकाळी २५ अंशांवर गार झाला की २८ वर येतो. चार बॅगा, दोन माणसं, मागे चार चाकं आणि पुढे रात्रभर महामार्ग. निघण्याआधी टायर पूर्ण गार होऊ द्या आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा. चाकाचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा आणि पन्नास किलोमीटरवर पहिल्या चहाला पुन्हा एकदा बघा. हात फिरवून आतल्या साइडवॉललाही फुगा आला नाही ना ते तपासा, कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेलेलं चाक बहुतेकदा आतून फुगतं आणि बाहेरून काही दिसत नाही. मावसभावाच्या मागच्या उजव्या चाकाला सेलमजवळ तसा फुगा हाताला लागला. स्टेपनी चढवून, हळू चालवत आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात पोचलो.